तिसरीतली पोर मुद्दाम अडखळते तेव्हा

पत्र

आदरणीय बाई,

आम्ही परभणी जिल्ह्यात, जिंतूरकडच्या एका गावात राहतो. आमच्या ह्यांचं कृषी सेवा केंद्र आहे, चार एकर कोरडवाहू आहे. मी बारावी शिकले. मुलगी आठ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. चार वर्षांची असताना दुकानातल्या बियाण्यांच्या पिशव्या वाचायला लागली. आम्ही कुणी शिकवलं नव्हतं. आता पेपर, चुलतभावाची सातवीची पुस्तकं, आजीची पोथी, दिसेल ते वाचते.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला शाळेत पाहुणे आले होते. सरांनी तिला सातवीच्या वर्गासमोर उभं करून सातवीचा धडा वाचायला लावला आणि त्या पोरांना म्हणाले, "तिसरीतली पोरगी वाचायलीय, तुम्हाला लाज वाटत नाही का?" तेव्हापासून पोरं तिला 'मास्तरीणबाई' म्हणून चिडवतात. वर्गात तिचं काम लवकर होतं, मग ती दप्तरातून गोष्टीचं पुस्तक काढते. बाईंनी ते दोनदा काढून घेतलं. तशा बाई चांगल्या आहेत. मला म्हणाल्या, "हिचं काय करावं ते मलाच कळेना. अर्ध्या वर्गाला जोडाक्षरं येईनात, मी तिकडं बघू का हिच्याकडं?"

मागच्या महिन्यात मी शाळेत गेले तेव्हा तिचा वाचायचा नंबर होता. ती एकेक अक्षर लावत, अडखळत वाचत होती. घरी विचारलं तर म्हणाली, "सगळे तसंच वाचतात." आता सकाळी पोट दुखतं म्हणते. सर म्हणतात, पुढच्या वर्षी एकदम पाचवीत बसवू का? आमचे हे म्हणतात, नवोदयची तयारी आतापासून करू. जाऊबाई म्हणतात, लातूरला ठेवा.

आणखी एक. ती पेपरातल्या शेतकरी आत्महत्येच्या बातम्या वाचते. परवा जेवताना वडिलांना विचारलं, "आपल्यावर किती कर्ज आहे?" ते ताटावरून उठून गेले. रात्री पुस्तक हातातून काढलं की रडते. काढावं का राहू द्यावं, तेही सांगा.

– एक आई

उत्तर

ताई,

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबले. "सगळे तसंच वाचतात."

तुम्ही एक करून बघा. येत असलेला मजकूर मुद्दाम अडखळत वाचून बघा, तोही ऐकणाऱ्याला खरा वाटेल असा. फार अवघड आहे ते. त्यासाठी कोण कुठं अडखळतं हे ठाऊक असावं लागतं. रफार आला की कोण थांबतं, 'क्ष' आणि 'ज्ञ' पाशी कुणाचं बोट अडतं, कोण काना सोडून पुढं जातं. तुमच्या पोरीनं आपल्या वर्गातल्या पोरांचं वाचन इतकं बारकाईनं ऐकलंय. नीट वाचण्याची काय किंमत पडते हे तिनं ऑक्टोबरात बघितलं आणि मैत्रिणी टिकवण्यासाठी स्वतःहून ही वाट काढली. म्हणून तिला "खोटं कामून वाचतीस?" असं विचारू नका. बाकी सगळे प्रश्न, पाचवी, नवोदय, लातूर, याच्यानंतरचे आहेत. वर्गात तिला परत आपल्या आवाजात वाचावंसं वाटलं पाहिजे. ते झालं नाही तर पाचवीत जाऊन ती पाचवीच्या पोरांसारखं अडखळायला शिकेल.

यात मी कुणाला दोष द्यायला मोकळी नाही. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं आणि तुमच्या सरांनी केलं तेच मी केलेलं आहे. माझ्या चौथीत एक मुलगा होता. वडील सालगडी, घरी पुस्तक नाही, पण किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचायचा. मला त्याचं केवढं कौतुक! कुणाला धडा आला नाही की मी त्याला उभं करायची. "बघा, हा कसा वाचतो." तपासणीला साहेब आले की त्यालाच पुढं. पुढं पुढं मी त्याला इतरांच्या वह्या तपासायला बसवायला लागले, मला वाटायचं त्याला मान देतेय. वर्ष संपता संपता त्यानं हात वर करणं सोडलं. मी ते वयावर ढकललं. तो चाळिशीत आल्यावर एका लग्नात भेटला. पाया पडला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही नाव घेतलं की मला घाम फुटायचा. मधल्या सुट्टीत मार बसायचा ना." मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या वर्षभरात मी त्याला वाचायला एकही नवं पुस्तक दिलं नव्हतं. त्याच्या वाचनाचा उपयोग मी दुसऱ्यांना टोचायला केला. सर वाईट नाहीत, ताई. पाहुण्यांपुढं शाळेचं काहीतरी चांगलं दाखवावं असं त्यांना वाटलं असणार. पण त्या पोरांना जी लाज वाटली, ती त्यांनी तुमच्या लेकीवर काढली.

आता बाईंचं. "मलाच कळेना" हे ज्या बाई पालकासमोर बोलू शकतात, त्या तुमच्या बाजूच्या आहेत हे धरून चाला. त्यांची अडचण समजून घ्या, म्हणजे काय मागायचं ते कळेल. २०२१ पासून निपुण भारत ही केंद्र सरकारची मोहीम सुरू आहे. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचता यावेत असं त्यात ठरवलेलं आहे. बाईंना वरून विचारणा होते ती या रेषेच्या खाली किती पोरं आहेत याची. वर किती आहेत हे कुणी विचारत नाही. वाचनाच्या चाचण्याही तशाच. प्रथम संस्थेच्या 'असर' या पाहणीतली चाचणी २००५ पासून खेडोपाडी होते. तीत अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. गोष्ट वाचली की मूल शेवटच्या पायरीवर. ज्याला दुसरीची गोष्ट कशीबशी येते ते आणि सातवीचं पुस्तक वाचणारी तुमची मुलगी, दोघांची खूण कागदावर एकाच जागी पडते. खालच्या पोरांना वर आणण्यासाठी ही चाचणी केलेली आहे आणि त्या कामाला ती चांगली आहे. पण तुमच्या लेकीसाठी बाईंच्या हातात त्यापुढचा एकही कागद नाही. म्हणून त्यांना कळेना.

तो कागद तुम्ही घरी तयार करून द्या. आपल्या लिपीची एक गंमत आहे. बाराखडी आणि जोडाक्षरं एकदा बसली की मराठीत काहीही मोठ्यानं वाचता येतं, अर्थ कळो न कळो. त्यामुळं तोंडानं वाचणं आणि कळणं यांत आपल्याकडं पुष्कळ अंतर पडू शकतं. मुलगी पोथी वाचते म्हणून तिला पोथी कळते असं नाही. सातवीचा धडा घडाघडा वाचला म्हणजे ती सातवीची झाली असंही नाही. तेव्हा आठवडाभर एवढं करा. तिनं काही वाचलं की पुस्तक मिटून विचारा, "काय झालं त्यात?" मग, "तो तसा का वागला असेल?" मग, "तू असतीस तर?" परीक्षेसारखं नको, भाकरी थापता थापता विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळेच देतात. दुसऱ्याला ती कुठल्या पुस्तकात थबकते ते बघा. चौथी-पाचवीच्या गोष्टींवर ती भरभरून बोलत असेल आणि सातवीच्या पुस्तकावर नुसती वाक्यं परत म्हणत असेल, तर तिची खरी जागा चौथी-पाचवीची. तिथली पुस्तकं पोटभर द्या. कुठलं पुस्तक वाचलं, त्यावर ती काय बोलली, हे तिच्याच शब्दांत एका वहीत दोन-दोन ओळी लिहून ठेवा. पंधरा दिवसांत बाईंना दाखवण्यासारखं काहीतरी तुमच्याकडं असेल.

बाईंकडं जाताना मधल्या सुट्टीत जाऊ नका, खिचडीच्या धावपळीत त्यांना धड उभंही राहता येत नाही. शाळा सुटल्यावर जा, एकट्या जा. वही दाखवा आणि अडखळण्याची गोष्ट सांगा. त्यांना ती ठाऊक नसण्याचीच शक्यता जास्त. तीसेक पोरांच्या वर्गात मूल हळू वाचायला लागलं तर बाईंना वाटतं, आज हिचं लक्ष नाही. मग दोनच गोष्टी मागा.

पहिली, महिनाभर तिला एकटीला उभं करून वाचायला लावू नका, आणि कुणासमोर उदाहरण म्हणून तर कधीच नको. त्याऐवजी पाठ्यपुस्तकातले संवादाचे धडे तीन-चार पोरांत वाटून वाचायला द्या. एकानं म्हातारी व्हायचं, एकानं कोल्हा. कोल्हा झालेल्या पोरीनं झोकात वाचलं तर कुणाला राग येत नाही, वर्ग हसतो. हळू वाचणाऱ्यालाही तिथं आपली दोन वाक्यं पाठ करून ठसक्यात म्हणता येतात. मी शेवटची दहा वर्षं हे खूप केलं, आणि आपला आवाज लपवून बसलेली पोरं अशाच वेळी बोलायला लागलेली पाहिली.

दुसरी, दिलेलं काम पूर्ण झालं की तिला पुस्तक उघडायची मुभा द्या. मुभा तिला एकटीला देऊ नका, ज्याचं काम होईल त्या प्रत्येकाला द्या. वर्गाच्या कोपऱ्यात दोरीला पंधरा-वीस पुस्तकं अडकवली तरी चालतं. बाई पुस्तक काढून घेतात ते वर्गाची शिस्त सांभाळायला. ती एकटी वेगळं काहीतरी करते हे बाकीच्यांना दिसतं. सगळ्यांना मुभा असली की तिचं वेगळेपण कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

बाई कदाचित म्हणतील, "तिला कच्च्या मुलांना शिकवायला बसवते." त्यांना हळूच थांबवा. कधीमधी दोघांनी आळीपाळीनं एकेक पान वाचणं चांगलं. पण रोज मास्तरकी करायला लावली तर पोरांनी ठेवलेलं ते नाव आपणच पक्कं करू. मोकळ्या वेळेत तिला लिहायला द्या. फळ्यावर काना-मात्रेचे शब्द चालू असतील तेव्हा तिनं त्याच शब्दांची पाच ओळींची गोष्ट लिहायची, पहिलीतल्या पोरांना वाचता येईल अशी. साध्या शब्दांत गोष्ट बांधणं सातवीचा धडा वाचण्यापेक्षा अवघड आहे, एकदा स्वतः करून बघा. आणि या कामात ती कुणाच्या डोक्यावर बसत नाही.

पुस्तकं कुठून आणायची? आधी शाळेतूनच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं हवीत. बहुतेक शाळांत पुस्तकं असतातही, पण कपाटात आणि कपाटाला कुलूप. त्यामागं बाईंचा आळस आहे असं समजू नका. पुस्तक फाटलं, हरवलं तर हिशोब त्यांना द्यावा लागतो. माझ्याही कपाटाला वर्षानुवर्षं कुलूप होतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. समितीच्या बैठकीत एवढा ठराव होऊ द्या की वापरून फाटलेल्या पुस्तकाची भरपाई शिक्षकाकडून मागायची नाही. कायदेशीर बारकावे मुख्याध्यापक बघतील, पण गाव पाठीशी आहे म्हटल्यावर कुलूप लवकर निघतं. वह्या तपासण्यापेक्षा पुस्तकांची नोंद ठेवायचं काम तुमच्या लेकीला द्या म्हणावं, जोडीला एखादी मैत्रीण.

गावात किंवा शेजारच्या मोठ्या गावात सार्वजनिक वाचनालय असेल. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळणारी ही वाचनालयं आहेत, अ, ब, क, ड अशा वर्गांतली. खेड्यातलं बहुधा ड वर्गाचं, एका खोलीचं, संध्याकाळी दोन-तीन तास उघडणारं. तिथं पोरीला घेऊन जा, तिच्या नावानं वर्गणी भरा, तिच्या हातानं पुस्तक घेऊ द्या. माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शाळा शिकले. मराठी त्यांनी मारुतीच्या देवळाशेजारच्या वाचनालयात चिमणीच्या उजेडात वाचली. तेव्हा आपल्या मुलखात मराठी वाचनालय चालवणं हेसुद्धा चळवळीचं काम होतं. त्या खोल्या आज ओस पडल्यात. आठ वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी पायरीवर येऊन बसली तर ग्रंथपालसुद्धा वेळेवर कुलूप उघडेल.

घरी बालभारतीचं 'किशोर' सुरू करा. १९७१ पासून निघणारं मासिक आहे, वर्गणी परवडते, आणि जुने अंक बालभारतीनं मोबाइलवर फुकट वाचायला ठेवलेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी आहेत, १ ते ४ अशा पायऱ्या लावलेल्या. ४ ची पायरी तिला सोपी जाईल, पण १ आणि २ च्या गोष्टी तिला लहान भावंडांना वाचून दाखवता येतील. मोबाइल मात्र तुमच्या हातात ठेवून, तुमच्या शेजारी बसवून.

पाचवीत एकदम बसवू नका. सरांना नम्रपणे नाही म्हणा. कायदाही वयाला साजेशा वर्गाच्या बाजूचा आहे, पण माझं कारण वेगळं आहे. तिचं वाचन पुढं गेलंय. तिचं गणित, तिचं अक्षर, तिचं रुसणं-रडणं आठ वर्षांचंच आहे. शिवाय ज्या मोठ्या पोरांपुढं तिला उभं केलं, त्यांच्याच आणखी जवळ तिला नेऊन बसवायचं? त्यापेक्षा आठवड्यातून दोन तास पाचवीच्या वाचनाच्या तासाला जाऊन बसू दे, तेही तिला आवडलं तर.

नवोदयची परीक्षा पाचवीत असते, प्रवेश सहावीत. त्या परीक्षेत १०० पैकी २५ गुण भाषेचे, ५० मानसिक क्षमतेचे, २५ गणिताचे. भाषेचे गुण ती आज जे मजेनं करते त्यातूनच येतील. तिसरीत शिकवणी लावली तर ती जे करते ते थांबेल. चौथी संपली की बघा. लातूरचं तर मनातून काढूनच टाका. तिथली ख्याती दहावी-बारावीच्या पोरांची आहे, आठ वर्षांच्या लेकराला आई लागते.

आता त्या जेवणाच्या ताटाबद्दल. तुम्ही ते पत्राच्या शेवटी लिहिलं, पण मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जास्त तेच खुपतंय.

लवकर वाचायला शिकलेल्या मुलाचं हेच होतं. जे आपण मोठ्यांनी कुजबुजत बोलायचं ठरवलेलं असतं, ते त्याच्यासमोर छापून आलेलं असतं. आपल्याकडं तर त्या बातम्या आठवड्यात दोनदा येतात, गावाच्या नावासकट, कर्जाच्या आकड्यासकट. बीडचा माणूस, हिंगोलीचा माणूस, कधी शेजारच्या तालुक्याचा. तुमची मुलगी शेतकऱ्याची आहे, दुकानात बसते, आणि दुकानातली उधारीची वही तिनं वाचली नसेल असं धरून चालू नका. तिनं दोन गोष्टी जोडल्या. पेपरात ज्या माणसाचं होतं त्याच्यावर कर्ज होतं, आणि कर्ज आपल्यावरही असेल. म्हणून ती कर्जाचा आकडा विचारते. आकडा तिला नकोच आहे. "बाबा, तुम्ही जाणार नाहीत ना?" हा तिचा प्रश्न आहे, आणि तो तोंडानं विचारायची तिला भीती वाटते. वडील ताटावरून उठून गेले, तेव्हा तिला जे उत्तर मिळालं ते फार वाईट मिळालं. त्यांना तसं द्यायचं नव्हतं हे मला कळतं.

याचं उत्तर त्यांनीच द्यायला हवं, तुम्ही नाही. दुकान बंद करून येताना तिला सोबत चालवत आणावं आणि सांगावं, "व्हय, कर्ज आहे. पेरणीला सगळेच काढतात, बँकेतून नाहीतर सोसायटीतून. सोयाबीन-कापूस विकला की फेडतो. एखादं वर्ष नाही जमलं तर बँकेच्या साहेबांशी बोलतो, काकांशी बोलतो, तुझ्या आईशी बोलतो. मी कुठं जात नाही." आकडा सांगायची गरज नाही. शेवटचं वाक्य मात्र सांगायलाच हवं. आणि तुम्ही, ताई, आधी एकदा रात्री त्यांच्याशी निवांत बोला. ते उठून गेले ते लेकरानं मोठ्या माणसाला विचारलं म्हणून, का त्यांच्याच मनात काही चाललंय म्हणून, एवढं समजून घ्या. विचारताना लाजू नका. मन जड असेल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र फुकट चालतो, मराठीत बोलता येतं.

पेपर लपवू नका. लपवलेला पेपर ती दुकानात पुड्या बांधायच्या रद्दीत वाचेल, आणि मग विचारणारही नाही. सकाळी तुमच्याजवळ किंवा आजीजवळ बसून वाचायचा, असा नियम करा. तसली बातमी आली की तीच बातमी तिच्याशी बोला. "वाईट झालं. त्या माणसाला कुणाशी बोलता आलं नसेल." दोन वाक्यं पुरतात, पण ती बातमी तिनं एकटीनं वाचलेली नसावी. आणि बँकेची नोटीस, दवाखान्याचे कागद हे घरात कुणी तिच्याकडून वाचून घेऊ नका. तिला येतं म्हणून सगळे पुढं करतील. तेवढं ओझं तिच्यावर नको.

आजीची पोथी मात्र तिच्याकडून जरूर वाचून घ्या. तुमच्या पत्रात ही एक ओळ वाचून मला फार बरं वाटलं. श्रावणात, एकादशीला आजीच्या चार मैत्रिणी जमत असतील. त्यांना ऐकायचं आहे, वाचता येत नाही, आणि ही वाचते. तिथं तिच्या वाचनानं कुणाला कमीपणा येत नाही, उलट "वाच माय, वाच" असं म्हणत चार म्हाताऱ्या सरसावून बसतात. वर्गात गेलेला आवाज तिला पहिल्यांदा तिथं परत मिळेल असा माझा अंदाज आहे. पोथीतले शब्द तिला अडले तर आजीला विचारू दे. आजीला अक्षर येत नसेल, अर्थ येतो.

आणि आजीच्या ओव्या तिला लिहून घ्यायला सांगा. जनाबाईच्या गंगाखेडच्या जिल्ह्यातल्या तुम्ही, जात्यावरची ओवी तुमच्या घरात अजून असेल. माजलगावच्या बायांनी गायलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित होऊन पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आहेत, त्या एकदा दोघींना ऐकवा. तिथं लाखावर ओव्या जमवलेल्या आहेत, आणि त्या गाणाऱ्यांत शाळेचं तोंड न पाहिलेल्या कितीतरी आहेत. खूप वाचणारी पोरं पुस्तकी बोलायला लागतात आणि घरच्या बोलीची त्यांना लाज वाटायला लागते. पोरं चिडवतात त्यात हाही भाग असतो. आजीची 'माह्या', 'तुह्या', 'कामून' अशी बोली जशीच्या तशी वहीत उतरवताना तिला कळेल की ही भाषाही लिहायची आहे. ती वही तिनं वर्गात नेली तर वाचायला एकटीनं उभं राहायची गरज नाही. निम्म्या पोरींच्या आज्यांना त्या ओव्या येत असतील, त्या सुरात सूर मिळवतील.

पोटदुखीकडं दुर्लक्ष नको. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, जंत, बद्धकोष्ठता, काहीही असू शकतं. सुट्टीच्या दिवशी दुखतं का तेही बघून ठेवा. डोळेही तपासून घ्या. आणि रोज संध्याकाळी तासभर उन्हं उतरताना बाहेर खेळायला पाठवा, पुस्तक घरी ठेवून. चिडवणाऱ्या पोरांशी भांडायला तुम्ही जाऊ नका. खेळात ती घसरून पडली, हरली, ओरडली की 'मास्तरीणबाई' आपोआप मागं पडेल.

सरांना भेटायचं ते बाईंशी बोलून झाल्यावर, जमलं तर बाईंबरोबर. त्या दिवशीचं मनाला लागलं असं सांगा, पण चार माणसांत नको. पुढच्या १५ ऑक्टोबरला पोरांनी पाहुण्यांना वाचून दाखवण्याऐवजी पाहुण्यांनीच पोरांना एकेक गोष्ट वाचून दाखवावी, असं सुचवून बघा. सातवीची पोरंसुद्धा मांडी घालून ऐकतील.

रात्रीच्या पुस्तकाचं विचारलंत. हातातून ओढून घेऊ नका. गोष्टीच्या मध्यावर तोडलं की कुणीही रडेल. दिवा मालवायच्या आधी विचारा, "किती पानं राहिली?" चार-पाच असतील तर शेजारी बसा आणि ती पानं तिला मोठ्यानं वाचायला सांगा, तुमच्यासाठी. जास्त असतील तर धडा संपेपर्यंत थांबा, पिंपळाचं पान नाहीतर बैलाच्या गोंड्याचा दोरा मध्ये घाला, आणि पुस्तक तिच्याच उशाशी राहू द्या.